घाण्यावरचं जवस

आमच्या पेठेतला शेंगतेलाचा घाणा दिवाळीनंतर बंद झाला. मामांनी शेवटची पेंड गवळ्याला दिली आणि दाराला कुलूप घातलं. तेव्हापासून नव्वदीचं दशक मनातून जात नाही.

त्याआधीचं थोडक्यात सांगायचं तर रेशनचं पामतेल आणि वनस्पती तुपाचे डबे. १९९४ साली पामोलिनची आयात खुली झाली. १९९८ च्या पावसाळ्यात दिल्लीत मोहरीच्या तेलात पिवळ्या धोत्र्याची भेसळ झाली, साठाहून जास्त माणसं गेली आणि केंद्रानं पॅकबंद तेलाचा आदेश काढला. भेसळ दिल्लीची, तेल मोहरीचं. संशय मात्र आमच्या कोल्हापूरच्या किटलीतल्या शेंगतेलावर आला. त्याच सुमारास एका डॉक्टरांनी आईला सांगितलं, "शेंगतेल सोडा, रिफाइंड आणा." आईनं कारण विचारलं. ते काही मिळालं नाही.

चरबी शरीरात काय करते, हे तेव्हा अज्ञात नव्हतं. बर्गस्ट्रॉम, सॅम्युएलसन आणि व्हेन यांना १९८२ सालीच प्रोस्टाग्लँडिनवरच्या कामासाठी नोबेल मिळालं होतं. आपण खातो ती चरबी पांढऱ्या पेशींच्या आवरणात जाऊन बसते. जंतू शिरला की पेशी त्या आवरणातून अ‍ॅराकिडोनिक आम्ल तोडून काढते आणि त्यापासून सूज, ताप, ठणका आणणारे निरोप, म्हणजे प्रोस्टाग्लँडिन, तयार करते. त्या जागी माशातलं ओमेगा-३ असेल, तर निरोप सौम्य निघतो. पुढे चार्ल्स सेरहान यांनी दाखवलं की याच ओमेगा-३ पासून रिझॉल्व्हिन बनतात. ते सूज ओसरवतात, भक्षक पेशींना मेलेल्या पेशी उचलायला लावतात.

शेंगतेलात ओमेगा-३ जवळजवळ नसतंच, आणि सोयाबीनच्या रिफाइंडमध्ये थोडं असतं, हे मी मान्य करतो. पण आमच्या घरात ते यायचं जवसाच्या चटणीतून आणि घाट चढून आलेल्या बांगड्यातून. जवसाच्या तेलात निम्म्याहून जास्त ओमेगा-३. शरीर त्यातलं थोडंच माशातल्यासारखं करून घेतं, तरी रोजच्या ताटात ते होतं. जवसाचं पोतं असायचं मामांच्या घाण्यावर, कारळ्याच्या पोत्याशेजारी. शेंगतेल सुटलं तशी आईची घाण्याची वाट सुटली, आणि घरातलं जवसही गेलं. त्या डॉक्टरांवरचा माझा राग एवढ्यासाठी आहे.

शेंगतेल झटक्यात सुटलं, पण वनस्पती तुपात असणाऱ्या ट्रान्स फॅटवर, तेलातुपातल्या एकूण चरबीच्या २ टक्क्यांची मर्यादा यायला १ जानेवारी २०२२ उजाडावं लागलं. तोवर आमच्या गल्लीतली दोन पिढ्यांची पोरं वनस्पती तुपातली खारी खाऊन मोठी झाली.

कुलूप लागण्याआधी मामांनी पोत्याच्या तळाचं जवस मला बांधून दिलं. आई जवस मंद आचेवर तडतडेपर्यंत भाजायची, मग लसूण, मीठ, लाल मिरची घालून खलबत्त्यात कुटायची.