कोरोनाकाळातली कर्करोग-शस्त्रक्रिया

मार्च २०२० मध्ये मुंबईची लोकल थांबली, तेव्हा परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयापुढे पेच होता. तातडीची नसलेली ऑपरेशन्स जगभर पुढे ढकलली जात होती. हर्नियाचे ऑपरेशन दोन महिने लांबले तर सहसा निभावते. तोंडातली गाठ मात्र तेवढ्या काळात हाताबाहेर जाऊ शकते.

भीतीला कारण होते. भुलीत खोकला दबतो, कफ साचतो. ऑपरेशननंतर जखम दुखते म्हणून रुग्ण खोल श्वास घेत नाही. त्यात कोरोना झाला, तर फुप्फुसांवर दुहेरी घाला. २४ देशांतील अशा ११२८ रुग्णांची पाहणी मे २०२० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आली. शस्त्रक्रियेच्या आगेमागे संसर्ग झालेल्या या रुग्णांपैकी २३.८ टक्के महिन्याभरात दगावले होते.

टाटाने तरीही ऑपरेशन थिएटर सुरू ठेवले. २३ मार्च ते ३० एप्रिल या काळात तिथे ४९४ नियोजित शस्त्रक्रिया झाल्या. त्यांतल्या ८५ टक्क्यांहून अधिक अवघड प्रकारच्या होत्या, आणि ३७७ रुग्णांची तर आधी कोरोना चाचणीही झालेली नव्हती. शस्त्रक्रियेनंतर एकही मृत्यू झाला नाही. गंभीर गुंतागुंत ५.६ टक्के रुग्णांत झाली. नंतर तपासलेल्या २६ जणांपैकी सहा पॉझिटिव्ह निघाले, पण कोरोनासाठी अतिदक्षता विभागात कोणालाही हलवावे लागले नाही.

हे आकडे वाचताना रुग्ण कोण होते, हेही पाहायला हवे. निम्मे रुग्ण ४८ वर्षांचे किंवा त्याहून तरुण होते, साठीपुढचे फक्त १३ टक्के. बहुतेकांना दुसरा मोठा आजार नव्हता.

डॉक्टरांची जोखीम वेगळीच. तंबाखूपायी आपल्याकडे तोंडाचा कर्करोग फार, आणि विषाणूचा मुक्कामही नाका-घशातच. सर्जनचा चेहरा तिथून जेमतेम हातभर अंतरावर. श्वासनलिकेत नळी घालताना सर्वाधिक तुषार उडण्याची भीती. म्हणून त्या वेळी भूलतज्ज्ञ आणि एखादा मदतनीस सोडून बाकीच्यांनी बाहेर थांबावे, असा दंडक अनेक ठिकाणी घातला गेला.

रुग्णांना कोरोनापासून दूर ठेवणाऱ्या वेगळ्या व्यवस्थेचा उपयोग किती, हे ५५ देशांतील ९१७१ कर्करुग्णांच्या पाहणीतून दिसले. जिथे थिएटर, अतिदक्षता विभाग आणि वॉर्ड कोरोना रुग्णांपासून पूर्ण वेगळे ठेवले, तिथे फुप्फुसांची गुंतागुंत २.२ टक्के होती. जिथे तशी सोय नव्हती, तिथे ४.९ टक्के. पुढे २०२१ मध्ये आणखी एक निकष हाती आला: कोरोना होऊन गेला असेल, तर शक्यतो सात आठवड्यांनी ऑपरेशन करावे. लक्षणे रेंगाळली असतील, तर आणखी थांबणे बरे, असा त्या वेळचा सल्ला होता. अर्थात गाठ वेगाने वाढणारी असेल, तर दोन्ही धोके तोलूनच तारीख ठरवावी लागते.

थांबण्याचीही किंमत असतेच. मार्च ते मे २०२० या तिमाहीत देशातील ४१ कर्करोग केंद्रांत नवे रुग्ण आदल्या वर्षीच्या १,१२,२७० वरून ५१,७६० वर आले. मोठ्या शस्त्रक्रिया १७,१२० वरून ८,६७७ वर. त्याच वर्षी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आलेल्या विश्लेषणानुसार, कर्करोगाची शस्त्रक्रिया चार आठवडे लांबली की मृत्यूचा धोका ६ ते ८ टक्क्यांनी वाढतो.