शिवार पाहायला जाताना

चंपाषष्ठी होते, चातुर्मासात वर्ज्य असलेले वांगे पुन्हा ताटात येते आणि आपल्या खान्देशात भरीत पार्ट्यांचा हंगाम सुरू होतो. बामणोद, आसोद्याकडची मोठी पोपटी वांगी, कपाशीच्या काड्यांचा जाळ आणि जोडीला कळण्याच्या पुऱ्या! जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. पण त्याची चव त्याआधीही आपल्याला ठाऊक होतीच.

अलीकडे या पार्ट्यांचे स्वरूप बदलले आहे. राज्य सरकारने २०२० साली कृषी पर्यटनाचे धोरण आणले. शेतात पाहुण्यांची राहण्या-जेवण्याची सोय करून शेतकऱ्याला चार पैसे मिळू लागले, ही चांगलीच गोष्ट आहे. पावसाळ्यात मनुदेवी आणि पाटणादेवी, इतर वेळी पाल, लळिंग येथेही सुटीच्या दिवशी गाड्यांची रांग लागते.

मी दवाखाना सुरू केला तेव्हा ‘शिवार पाहायला चाललो’ असे कुणी म्हणत नसे. शिवारात माणसे निंदायला, वेचायला, पाणी भरायला जात. आसोद्यात जन्मलेल्या बहिणाबाई चौधरींना शेत मुद्दाम पाहायला जावे लागले नाही. त्यांचे आयुष्यच शेतात गेले. आज त्याच शेतकऱ्यांची नातवंडे शहरातून शेतावर पाहुणी म्हणून जातात. या बदलाचा आरोग्याशी काय संबंध, असे वाचक विचारतील. त्यासाठी माझ्या एका रुग्णाची हकीकत सांगतो.

मागच्या पौषातली गोष्ट. शहरात नोकरी करणारा पस्तिशीचा एक गृहस्थ मित्रांबरोबर भरीत पार्टीला गेला होता. ‘भाऊ, ढिगात हात घालू नका, आधी काठी मारा,’ असे शेतावरच्या सालदाराने सांगितले होते. मंडळी हसली. रात्री जाळ मंदावला तेव्हा या गृहस्थाने अंधारात काड्यांच्या ढिगात हात घातला. आत घोणस होती. मित्रांनी रुमालाने दंड करकचून बांधला आणि ‘बिनविषारी असेल’ म्हणत तासभर वाट पाहिली. सूज कोपरापर्यंत चढली, हिरड्यांतून रक्त येऊ लागले, तेव्हा त्याला माझ्याकडे आणले. काचेच्या नळीत घेतलेले रक्त वीस मिनिटे झाली तरी गोठेना. मी त्याला तातडीने मोठ्या रुग्णालयात पाठवले. प्रतिविषामुळे जीव वाचला. पण मूत्रपिंडांना इजा झाली होती, काही आठवडे डायलिसिस करावे लागले.

बरा झाल्यावर तो भेटायला आला आणि म्हणाला, ‘डॉक्टर, माझ्या आजोबांचा जन्म शेतात गेला. मला एवढी साधी गोष्ट कशी कळली नाही?’

याचे उत्तर सोपे आहे. हे शहाणपण रक्तातून येत नाही, रोजच्या कामातून येते. सालदार अंधारात बॅटरी आणि काठीशिवाय पाऊल टाकत नाही, बूट झटकल्याशिवाय पाय घालत नाही. आपले शेतातले काम सुटले, तशा या सवयीही सुटल्या. घर मात्र अजून शेतकऱ्याचेच, म्हणून आपल्याला सारे कळते असा समज राहिला. नवख्या माणसापेक्षा हा समज अधिक धोक्याचा.

भारतात २००० ते २०१९ या वीस वर्षांत सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे दगावल्याचा अंदाज आहे. आपल्याकडचे चार प्रमुख विषारी साप म्हणजे नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. या चारही सापांवर एकच प्रतिविष चालते आणि ते सरकारी रुग्णालयात मोफत मिळते. त्याला दुसरा पर्याय नाही. मंत्र, झाडपाला, चिरा देणे, तोंडाने विष ओढणे यांत फक्त वेळ जातो.

साप चावल्यास रुग्णाला धीर द्यावा आणि चालू देऊ नये. अंगठी, घड्याळ, जोडवी काढावीत. सूज आल्यावर ती रुततात. हाडमोडीला बांधतो तशी फळी लावून हात-पाय स्थिर ठेवावा. आवळून बांधू नये. दंशाची वेळ लक्षात ठेवावी, १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी किंवा मिळेल त्या वाहनाने रुग्णालय गाठावे. सापाच्या मागे धावू नये.

मण्यारीबद्दल विशेष सांगायला हवे. चांदण्यात जमिनीवर झोपण्याची पाहुण्यांना हौस असते. मण्यार रात्री फिरते. तिचा दंश बऱ्याचदा जाणवतही नाही, सूजही येत नाही. पहाटे पोटात दुखते, पापण्या जड होतात, बोलणे अडखळते. ही लक्षणे दिसताच पित्त झाले म्हणून थांबू नये. झोपायला खाट आणि गादीखाली नीट खोचलेली मच्छरदाणी घ्यावी.

लाल विंचवाच्या दंशानंतर दरदरून घाम आला, हातपाय गार पडले, उलट्या झाल्या, तर हृदयावर परिणाम झाला आहे असे समजावे. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन या औषधाने असंख्य रुग्ण वाचवले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. उपाय आहे, मात्र रुग्ण वेळेत पोहोचला पाहिजे.

आणखी तीन गोष्टी. आग्या मोहोळ असलेल्या झाडाखाली जाळ करू नये. धुराने माश्या उठतात. झाडावरचे बोर किंवा काकडी तोडून खाण्याआधी फवारणी कधी झाली ते विचारावे. सातपुड्यात वर पाऊस पडत असेल तर खाली ऊन असले तरी धबधब्याच्या पात्रात उतरू नये.

एवढे वाचून कुणी मुलांना घरात कोंडून ठेवले, तर माझा लेख वाया गेला असे मी समजेन. माझ्याकडे येणाऱ्या लहान मुलांत चष्मेवाली वाढली आहेत. रोज उघड्यावर, उजेडात खेळणाऱ्या मुलांना लघुदृष्टीचा दोष कमी होतो, असे अभ्यासांत दिसून आले आहे. उन्हाने ‘ड’ जीवनसत्त्व मिळते, चालण्याने साखर आणि रक्तदाब ताब्यात राहतात. शिवार हे औषधच आहे, पण वर्षातून एकदा पोटभर घेऊन ते लागू पडत नाही.

तेव्हा या हिवाळ्यात भरीत जरूर खा. मात्र शेतावर गेल्यावर पहिला तास तिथल्या सालदाराबरोबर किंवा कापूस वेचणाऱ्या बाईबरोबर बांधावरून फिरा. कुठे पाय टाकायचा, कुठे नाही, हे मुलांना त्यांच्याकडून शिकू द्या, आणि काठी मारा असे ते म्हणाले तर हसू नका.