जिप्सी, रोम आणि डोंबारी

मेळघाटात सफारीला निघालेला अमरावतीकर आधी विचारतो, "जिप्सी मिळेल का?" मारुतीने १९८५ साली आणलेल्या गाडीचं हे नाव आता कुठल्याही उघड्या सफारी गाडीला चिकटलंय. मुळात ते एका गैरसमजातून आलं. मध्ययुगाच्या अखेरीस युरोपात पोचलेल्या सावळ्या भटक्यांना तिथले लोक इजिप्तचे समजले आणि 'इजिप्शियन' झिजत झिजत 'जिप्सी' झालं. त्यांच्यातल्या अनेकांना हा शब्द शिवीसारखा लागतो.

ते स्वतःला 'रोम' म्हणवतात. त्याचा रोम शहराशी संबंध नाही, रुमानियाशीही नाही. मूळ आहे संस्कृत 'डोम्ब'. जिभेवर 'ड'चा 'र' झाला. आर्मेनियात हेच नाव 'लोम', पश्चिम आशियात अजून 'डोम'. आपला दोरीवर चालणारा डोंबारी नावापुरता तरी याच घरातला.

नुसत्या एका शब्दावर कुणी विश्वास ठेवणार नाही, पण त्यांच्या रोमानी भाषेत असे बदल शिस्तीत झालेत. घर म्हणजे 'खेर', बहीण 'फेन', दूध 'थुद'. पाणी 'पानी'च, माणूस 'मानुश'. सात, आठ, नऊ मात्र थेट ग्रीक, म्हणजे वाटेत मुक्काम लांबला असणार! आणखी एक खूण मराठी माणसाच्या कानाला लगेच कळेल: आपण 'ते घर' म्हणतो, रोमानीने हिंदीसारखंच नपुंसकलिंग टाकून दिलं. राल्फ टर्नर यांनी १९२६ साली तिची मुळं हिंदीच्या टापूत शोधली ती मुख्यतः ध्वनिबदलांवरून. २०१२च्या एका जनुकीय अभ्यासाने युरोपातले १३ रोम गट तपासले. त्यांचे पूर्वज सुमारे दीड हजार वर्षांपूर्वी वायव्य भारतातून निघाले, असा त्याचा निष्कर्ष.

वऱ्हाडात यापुढची उडी हमखास मारली जाते: बंजारा म्हणजेच जिप्सी. मोह पडावा असं साम्य आहेच. तांड्यावर आपला तो 'गोर', परका तो 'कोर'. रोमांमध्ये परका 'गाजो'. पण गोरबोली राजस्थानीच्या गोतातली. ग्रिअर्सन यांच्या भारतातल्या भाषिक सर्वेक्षणाचा अकरावा खंड 'जिप्सी भाषां'चा आहे; बंजारी त्यात नाही, ती नवव्या खंडात भिली बोलींशेजारी बसलीय. अकराव्यात कोल्हाटी, गारुडी, शिकलगारांच्या बोली आहेत. जो भटका तो जिप्सी, एवढाच त्या शीर्षकाचा अर्थ.