घटनेवरचे अंगठे

घटना कोणी लिहिली असं विचारलं, की शाळकरी पोरही बाबासाहेबांचं नाव घेतं. ते योग्यच आहे. पण तिच्यातला शब्द खेड्यापाड्यांत खरा कोणी केला, हे आपण क्वचितच विचारतो. भूम तालुक्यातल्या आमच्या ईटसारख्या गावात मला हा प्रश्न हटकून पडतो. कारण हा मुलूख निजामाचा. घटना समितीत हैदराबाद संस्थानचा एकही प्रतिनिधी बसला नव्हता. २३ नोव्हेंबर १९४९ रोजी निजामाने फर्मान काढून घटना स्वीकारली. म्हणजे घटना आमच्याकडे आली तीही वरूनच!

या घटनेच्या ४१व्या कलमात कामाचा हक्क आहे. पण सरकारच्या ऐपतीपुरता. शिवाय ते मार्गदर्शक तत्त्व, त्यामुळे त्यासाठी कोर्टाची पायरी चढता येत नाही.

मग बहात्तरचा दुष्काळ पडला. मिलो आणि सुकडीच्या आठवणी आमच्याकडची म्हातारी माणसं अजून काढतात. मराठवाड्यात आणि बाहेरही लाखो माणसं, त्यांत बायका मोठ्या संख्येने, खडी फोडायला आणि पाझर तलावांच्या कामाला गेली. त्यांना धर्मादाय नको होता, काम हवं होतं. त्यासाठी मोर्चे निघाले. वि. स. पागे यांनी मांडलेल्या रोजगार हमीच्या कल्पनेला या माणसांनी बळ दिलं. १९७७ साली विधिमंडळाने कायदा केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून, प्रजासत्ताकदिनीच, तो लागू झाला. मागेल त्याला पंधरा दिवसांत काम, नाहीतर बेकारी भत्ता! ऐपतीची अट होती, तिचीही सोय झाली. या योजनेसाठी १९७५ साली व्यवसाय कर बसवण्यात आला. आपल्या पगारातून कापला जातो तोच हा कर. पुढे २००५ साली संसदेने देशासाठी रोजगार हमीचा कायदा केला, त्याच्या मुळाशी महाराष्ट्राचा हा अनुभव होता.

हजेरीपटावर खोटी नावं चढली, मजुरी रखडली, हेही खरं. पण कायदा होता म्हणून मजुराला तहसीलदारापुढे उभं राहून जाब विचारता आला. उपकार मागणारा आणि हक्क मागणारा यांच्यात फरक आहे तो एवढाच, आणि लोकशाहीत तो फार मोठा आहे.

१९९३ साली ७३वी घटनादुरुस्ती लागू झाली आणि ग्रामसभेला घटनेत जागा मिळाली. ती सभा रिकामी राहिली, तर दोष घटनेचा नाही. घटना समितीच्या सभासदांनी घटनेवर सह्या केल्या. दुष्काळी कामावरच्या मजुरांनी हजेरीपटावर अंगठे उठवले. माझ्या लेखी दोन्हींचं मोल सारखंच आहे.