आजी-आजोबांची नेमणूक

मिरजेत नर्सिंग शिकलेल्या माझ्या पिढीतल्या बाईला मिशनरी म्हटलं की डॉक्टर वॉनलेस आठवणारच. १८८९ मध्ये ऐन तारुण्यात ते इकडे आले, मिरजेला हॉस्पिटल उभं केलं आणि उमेदीची सगळी वर्षं इथल्या रुग्णांना दिली. मिशनरी म्हणजे तरुणपणी येऊन जन्म वाहून टाकणारा माणूस, हे माझ्या मनात पक्कं बसलेलं. मुलीच्या बाळंतपणासाठी मी अमेरिकेत, उटा राज्यात आले आणि कळलं, की शेजारचे आजी-आजोबा मिशनवर घानाला निघालेत. दोघंही साठी उलटलेले. आजोबांचं आयुष्य गाड्यांच्या गॅरेजमध्ये गेलेलं, शेजारीण माझ्यासारखीच निवृत्त नर्स. मुदत दीड वर्षाची. पगार नाहीच, उलट घरभाडं, जेवणखाण, विमा असा सगळा खर्च स्वतःच्या शिलकीतून.

ही मंडळी ज्या पंथाची, त्याला जग मॉर्मन म्हणतं. १८३० मध्ये जोसेफ स्मिथ यांनी न्यूयॉर्क राज्यात त्याची स्थापना केली. ठिकठिकाणांहून हुसकावून लावल्यावर १८४७ मध्ये ब्रिगहॅम यंग या अनुयायांना घेऊन सॉल्ट लेकच्या खोऱ्यात आले. पांढरा शर्ट, छातीवर काळी नावपट्टी, जोडीजोडीने दारोदार फिरणारी विशीतली मुलं ही या पंथाची जगभरची ओळख. मुलगे दोन वर्षं जातात, मुली दीड वर्ष. ज्येष्ठ जोडप्यांची व्यवस्था मात्र निराळी असते, आणि बाहेरच्यांना ती फारशी ठाऊक नसते.

घरात अवलंबून असलेलं मूल नको आणि तब्येत धड हवी. डॉक्टरच्या आणि दातांच्या डॉक्टरच्याही तपासणीचे कागद लागतात. मग बिशपची मुलाखत. हा बिशप म्हणजे गल्लीतलाच कुणी नोकरी-धंदा करणारा गृहस्थ असतो. स्थानिक पातळीवर या चर्चमध्ये कुणालाच पगार नाही. सहा महिन्यांपासून तेवीस महिन्यांपर्यंत किती काळ जमेल आणि कोणतं काम येतं, हे जोडप्याने सांगायचं. ठिकाण अखेर मुख्यालय ठरवतं. दारोदार फिरण्याची सक्ती त्यांच्यावर नसते. परदेशातल्या घरभाड्याचा बोजा कुणाला झेपेनासा होऊ नये म्हणून २०११ मध्ये त्यावर महिना चौदाशे डॉलरची मर्यादा घातली गेली. त्यावरचं चर्च बघतं.

मला सगळ्यात भावलं ते नेमणुकीचं पत्र. ते दोघांच्या नावे आलं होतं. लग्न झालेल्या पुरुषाला एकट्याने जाताच येत नाही. दोघांना कामंही वेगवेगळी होती: आजोबांकडे मिशनच्या गाड्यांची देखभाल, तर शेजारणीकडे तिथे फिरणाऱ्या शे-दीडशे तरुण मुलामुलींच्या प्रकृतीची जबाबदारी. नवऱ्याच्या बदलीमागे बिऱ्हाड हलवत नोकऱ्या सोडलेल्या किती नर्स मी पाहिल्यात. या वयात बाईच्या हातातलं कसब ओळखून कुणी तिला बोलावतं आहे, याचं मोल मला कळतं.

घानाशी अशा जोडप्यांचं नातं जुनं आहे. तिथे जोसेफ विल्यम बिली जॉन्सन नावाचे गृहस्थ १९६४ पासून या पंथाची पुस्तकं वाचून आपल्या आपणच लोक जमवत होते, सॉल्ट लेकला पत्रं पाठवत होते. पण तिकडून माणूस येत नव्हता. कारण लाजिरवाणं होतं: कृष्णवर्णीय पुरुषांना या चर्चमध्ये पौरोहित्याचा अधिकार नव्हता. जून १९७८ मध्ये ती बंदी उठली आणि नोव्हेंबरात पश्चिम आफ्रिकेत धाडले गेले ते कुणी तरुण नव्हेत, तर मेबी आणि कॅनन ही दोन वयस्क जोडपी. डिसेंबरात केप कोस्टच्या समुद्रकिनारी जॉन्सन आणि त्यांच्या माणसांचे बाप्तिस्मे झाले. पुढे जून १९८९ मध्ये घाना सरकारने चर्चच्या कामावर बंदी घालून परदेशी मिशनऱ्यांना देशाबाहेर काढलं. सुमारे दीड वर्ष तिथले लोक घरातच प्रार्थना करत राहिले. १९९० च्या नोव्हेंबरात बंदी उठली आणि २००४ मध्ये अक्रा शहरात मंदिर झालं.

वर्णभेदाच्या त्या बंदीबद्दल मी शेजारणीला सरळच विचारलं. तिने सारवासारव केली नाही. म्हणाली, ‘‘ते घडलं तेव्हा मी शाळेत होते, आणि आजही मला त्याचं समर्थन करता येत नाही.’’ ती चहा-कॉफी घेत नाही, तिच्या धर्मात ते वर्ज्य; मी केलेलं कोकम सरबत मात्र तिने आवडीने घेतलं.

तिचीही मुलगी गरोदर होती. आपल्याकडे आईने अशा वेळी पाठ फिरवली तर जन्मभर ऐकावं लागेल. मी लेकीसाठी सात समुद्र ओलांडून आलेली आणि ही लेकीला सोडून निघालेली. मला ते पटेना, आणि तसं मी बोलून दाखवलं. ती म्हणाली, ‘‘माझ्या मुलीजवळ तिची सासू आहे, हॉस्पिटल आहे, बहिणी आहेत. तिथल्या एकोणीस वर्षांच्या मुलांजवळ रात्री दोन वाजता कोण आहे?’’ मी पुष्कळ रात्रपाळ्या केल्यात. या प्रश्नावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आता ती व्हिडिओ कॉलवर कामाचं सांगते. ताप आला की मलेरियाची तपासणी लगेच करायला लावायची, गोळ्या चुकवणाऱ्यांना दटावायचं, पाणी कुठलं प्यायलात ते विचारायचं. पोटात दुखतंय म्हणून फोन करणाऱ्या कितीतरी मुलांना खरं म्हणजे घरची आठवण आलेली असते. तीन मुलं वाढवलेल्या नर्सला ते आवाजावरून समजतं, आणि मला वाटतं, पंचविशीतल्या नर्सला ते इतक्या लवकर समजलं नसतं.

एका गोष्टीवर आमचं जुळत नाही. मेलेल्या पूर्वजांनाही बाप्तिस्मा मिळावा म्हणून हा पंथ जगभरच्या वंशावळी गोळा करतो. हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्या उटाच्या संस्थेने १९७० च्या दशकापासून मायक्रोफिल्मवर उतरवल्या. घानात म्हाताऱ्यांना तोंडपाठ असलेल्या पिढ्या नोंदवून घेतात. कागद कुजून जाण्यापेक्षा जपलेले बरे, हे मला मान्य आहे. पण आमच्या घराण्याची नावं त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या नामावळीत आहेत. माझ्या पणजीच्या नावाने परक्या कुणी पाण्यात उतरावं, हे मला चालणार नाही. शेजारीण म्हणते, नियमाप्रमाणे प्रत्येकाने आपापल्याच पूर्वजांसाठी करायचं असतं. शिवाय तो बाप्तिस्मा स्वीकारायचा की नाकारायचा, हे त्या आत्म्याच्या हाती. मी म्हणते, पणजीला न विचारता तो प्रश्नच तिच्यापुढे ठेवू नये. सेवा आणि धर्मप्रसार एकाच हाताने झाले की ही अडचण राहणारच, आणि ती मला तिच्या तोंडावर बोलता येते.

त्यांची मुदत आता संपत आली आहे. आजोबांना लगेच पुन्हा अर्ज करायचा आहे, या खेपेस फिलिपीन्सची इच्छा आहे. शेजारीण आधी गुडघ्याचं ऑपरेशन उरकून घेणार आहे, आणि नातवाजवळ निदान एक उन्हाळा काढल्याशिवाय कागदावर सही करणार नाही, असं तिने नवऱ्याला बजावलंय.