कड्यावरची चौकी

१७ मे १९८०च्या संध्याकाळी हॅरी ग्लिकेन कड्यावरच्या चौकीतून खाली उतरले. अमेरिकेतल्या माउंट सेंट हेलेन्स या ज्वालामुखीवर साधारण दहा किलोमीटर अंतरावरून नजर ठेवण्याचे त्यांचे काम होते. पण मुलाखतीसाठी त्यांना कॅलिफोर्नियाला जायचे होते. त्यांच्या जागी डेव्हिड जॉन्स्टन मुक्कामाला आले. दुसऱ्या दिवशी सकाळी ८ वाजून ३२ मिनिटांनी भूकंपाच्या धक्क्याने डोंगराची उत्तर बाजू ढासळली आणि आतला दाब वर न जाता आडवा फुटला. जॉन्स्टन यांनी रेडिओवरून सहकाऱ्यांना हाक दिली, तेवढीच. त्यांचा मृतदेह कधीच सापडला नाही. वय होते अवघे ३०.

डोंगराने आधी काहीच सांगितले नव्हते असे नाही. मार्चपासून भूकंप होत होते आणि उत्तरेचा उतार रोज दीड-दोन मीटर बाहेर फुगत होता. ते सगळे मोजले जात होते. मात्र आता अर्ध्या तासात उद्रेक होणार, असे सांगणारी खूण त्या सकाळी एकाही यंत्रावर उमटली नाही. ५७ जण मृत्युमुखी पडले. परिसर पुन्हा खुला करा, असा दबाव वाढत असताना तो बंदच ठेवावा म्हणून आग्रह धरणाऱ्यांत जॉन्स्टनही होते. तो आग्रह पाळला गेला नसता, तर मृतांचा आकडा कितीतरी मोठा असता.

पुढची सहा वर्षे याच डोंगराच्या विवरात लाव्हाचा घुमट थोडाथोडा वाढत राहिला आणि शास्त्रज्ञांचे हात त्यावर बसले. भूकंप, जमिनीचा फुगवटा आणि बाहेर पडणारा वायू या तिन्ही नोंदी एकत्र वाचून त्या काळातल्या बहुतेक उद्रेकांचे अंदाज त्यांनी आधीच वर्तवले.

डोंगर वाचता येऊ लागला होता. पण वाचलेले लोकांच्या गळी उतरवायचे कसे?

कोलंबियातल्या नेवादो देल रुईझ या बर्फाच्छादित ज्वालामुखीने हा प्रश्न अत्यंत क्रूरपणे विचारला. ऑक्टोबर १९८५मध्येच धोक्याचा नकाशा तयार झाला होता आणि आर्मेरो हे गाव त्यात धोक्याच्या पट्ट्यात दाखवलेले होते. १३ नोव्हेंबरच्या दुपारी गावावर राख पडली. लोकांना सांगण्यात आले, घाबरू नका, घरातच थांबा. रात्री नऊनंतर उद्रेक झाला. तो तसा लहानच होता, पण त्याने शिखरावरचे बर्फ वितळले आणि चिखल-दगडांचे लोंढे दऱ्यांतून खाली सुटले. आर्मेरोला पोहोचायला त्यांना दोन तासांहून अधिक वेळ लागला. जवळची टेकडी गाठायला एवढा वेळ पुरेसा होता. निघा, असे वेळेवर कोणी ठामपणे सांगितलेच नाही. या आपत्तीत सुमारे २३ हजार माणसे गेली. हे केवळ निसर्गाचे काम म्हणणे मृतांवर अन्याय करणारे ठरेल.

१९८६मध्ये अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण विभागाने परदेशांत मदतीला धावून जाणारे पथक उभे केले, ते आर्मेरोमुळे. मॉरिस आणि कातिया क्राफ्त हे फ्रेंच दांपत्यही आर्मेरो विसरू शकले नाही. धगधगत्या विवरांच्या काठावर उभे राहून चित्रीकरण करणाऱ्या या दोघांनी आता लोकांना सावध करणारी फिल्म हाती घेतली. उद्रेक कसा मारतो, ते अधिकाऱ्यांना डोळ्यांनी दिसावे, एवढाच तिचा हेतू होता.

ती कामी आली फिलिपिन्समध्ये. सुमारे ५०० वर्षे निद्रिस्त असलेला पिनातुबो एप्रिल १९९१मध्ये वाफ ओकू लागला. कित्येकांना तो ज्वालामुखी आहे हेच ठाऊक नव्हते. रेमुंदो पुनोंगबायान यांची फिलिपिनी संस्था आणि क्रिस न्यूहॉल यांच्यासह आलेले अमेरिकी पथक यांनी भूकंपमापक बसवले, सल्फर डायऑक्साइड मोजला. मेच्या मध्यावर दिवसाला सुमारे ५०० टन निघणारा हा वायू पंधरवड्यात दहापट झाला, म्हणजे ताजा शिलारस वर सरकत होता. क्राफ्त यांची फिल्म लष्करी अधिकाऱ्यांपासून गावकऱ्यांपर्यंत दाखवली गेली. डोंगरावरच्या आएता आदिवासींसह हजारोंना हलवले. १० जूनला क्लार्क या अमेरिकी हवाई तळावरून सुमारे साडेचौदा हजार लोक बाहेर पडले आणि १५ जूनला, नेमके चक्रीवादळ माथ्यावर असताना, विसाव्या शतकातला दुसरा सर्वांत मोठा उद्रेक झाला. पावसाने जड झालेल्या राखेखाली छपरे कोसळून शेकडो माणसे दगावली. तरीही किमान पाच हजार जीव वाचले, असा अंदाज आहे. १९८० ते १९९३ या तेरा वर्षांतले ज्वालामुखीशास्त्राचे सर्वांत मोठे यश तेच.

फिल्म बनवणारे ते पाहायला नव्हते. बारा दिवस आधी, ३ जूनला, जपानच्या उन्झेन ज्वालामुखीवरून उतरलेल्या तप्त राखेच्या आणि वायूच्या लोटाने ४३ जणांचा बळी घेतला होता. त्यांत क्राफ्त दांपत्य होते आणि त्यांच्यासोबत होते हॅरी ग्लिकेन.

अभ्यासकांचे बळी तिथेच थांबले नाहीत. १९९३च्या जानेवारीत कोलंबियातच, गालेरास ज्वालामुखीच्या विवरात उतरलेल्या पथकातले सहा शास्त्रज्ञ आणि तीन पर्यटक अचानक झालेल्या उद्रेकात ठार झाले. स्क्रूच्या आकाराच्या लांबट भूकंपनोंदी त्याआधी उमटल्या होत्या. त्यांचा अर्थ किती गंभीर, हे तेव्हा सर्वांना मान्य नव्हते. आज अशा नोंदी दिसल्या की विवरात उतरण्याआधी दहादा विचार होतो.

सेंट हेलेन्सचा तो कोसळलेला उतार ग्लिकेन यांनी पुढे वर्षानुवर्षे अभ्यासला. एवढे मोठे भूस्खलन लिखित इतिहासात दुसरे नाही. त्यावरचा त्यांचा प्रबंध १९९६मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर पाच वर्षांनी प्रसिद्ध झाला. १९९७मध्ये जॉन्स्टन यांच्या शेवटच्या चौकीजवळ वेधशाळा उघडली. तो कडा आज त्यांच्याच नावाने ओळखला जातो.