लिंक्डइन, बताका आणि आपला संकोच



ओमानमधल्या मराठी माणसाचं लिंक्डइनवरचं पान उघडलं की साधारण दोन नमुने दिसतात. पहिला: नाव, 'सीनियर इंजिनियर', कंपनीचं नाव, पुढे 'एलएलसी', संपलं. फोटो असलाच तर पासपोर्टचा, नाहीतर मत्राच्या कॉर्निशवर गॉगल लावून काढलेला. दुसरा नमुना म्हणजे 'डायनॅमिक, पॅशनेट, रिझल्ट ओरिएंटेड लीडर'. आता हे गृहस्थ सकाळी ऑफिसात जाऊन नेमकं करतात काय, ते मात्र पान संपेपर्यंत कळत नाही. आपल्यात पहिला नमुना जास्त, म्हणून आज त्याच्याबद्दलच लिहितो.

पूर्वी या सगळ्याची गरजच नव्हती. बुधवारचं 'असेंट' किंवा 'असाइनमेंट्स अॅब्रॉड टाइम्स' चाळायचं, मुंबईत एजंटच्या ऑफिसात इंटरव्ह्यू द्यायचा, मेडिकल करायचं आणि विमानात बसायचं. पुढची नोकरी कोणीतरी ओळखीचा सांगायचा. लिंक्डइन मे २००३ मध्ये सुरू झालं तेव्हा आपण बहुतेकजण ऑर्कुटची वाट बघत होतो म्हणा ना! ऑर्कुट जानेवारी २००४ मध्ये आलं आणि सप्टेंबर २०१४ मध्ये बंदही झालं. लिंक्डइन टिकलं, डिसेंबर २०१६ पासून ते मायक्रोसॉफ्टच्या मालकीचं आहे, आणि आता सीव्ही हातात पडल्यावर एचआरवाला पहिल्यांदा तिथेच नाव शोधतो.

ओमानपुरत्या आणखी दोन गोष्टी घडल्या. जानेवारी २०१८ मध्ये सरकारने ८७ हुद्द्यांसाठी परदेशी माणसांचे नवे व्हिसा थांबवले. त्यात आयटी, अकाउंट्स, मार्केटिंग आणि इंजिनियरिंगमधली बरीच कामं होती. ओमानायझेशन त्याच्या आधीपासून चालूच होतं, पण आपल्यापैकी अनेकांना त्याचा चटका खरा त्या वर्षी बसला. दुसरी गोष्ट, १ जानेवारी २०२१ पासून कॉन्ट्रॅक्ट संपल्यावर दुसरीकडे जायला जुन्या कंपनीचं एनओसी लागेनासं झालं. म्हणजे एका बाजूने जागा कमी झाल्या आणि दुसऱ्या बाजूने इथल्या इथे नोकरी बदलायची वाट मोकळी झाली. अशा वेळी रिकामं पान परवडत नाही.

आता जरा नाजूक मुद्दा. आपल्याकडे अनेकांच्या व्हिसावरचा हुद्दा एक आणि प्रत्यक्ष काम दुसरं असतं. कंपनीकडे ज्या हुद्द्याचा लेबर क्लिअरन्स शिल्लक होता त्यावर आणलं, मग माणूस कामाने वर चढला, पण कागद तिथेच राहिला. बताक्याच्या कागदांवर 'टेक्निशियन' आणि लिंक्डइनवर 'प्रोजेक्ट मॅनेजर', हे दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं. पण नवी कंपनी कागद मागते तेव्हा खुलासा करायची वेळ येते. माझं मत असं की हुद्द्याच्या जागी ऑफर लेटरवर किंवा एक्सपिरियन्स लेटरवर जे आहे तेच लिहावं आणि खाली केलेलं काम सविस्तर मांडावं: किती माणसांची टीम, कुठला प्लांट, काय जबाबदारी. इंजिनियर मंडळींनी तर जास्तच काळजी घ्यावी. ऑगस्ट २०२५ पासून इंजिनियरिंगच्या लेबर परमिटसाठी ओमान सोसायटी ऑफ इंजिनियर्सचं प्रमाणपत्र मागायला सुरुवात झाली आहे. तिथे डिग्री आणि अनुभवाची पत्रं तपासली जातात. पानावर एक तारीख, पत्रावर दुसरी, अशी गंमत करून ठेवू नका.

नावाखालच्या ओळीला, म्हणजे हेडलाइनला, २२० अक्षरांची जागा मिळते. न भरल्यास लिंक्डइन आपोआप तिथे हुद्दा आणि कंपनी टाकतं. 'मेंटेनन्स इंजिनियर, अमुकतमुक ट्रेडिंग अँड काँट्रॅक्टिंग एलएलसी' यातून ह्यूस्टन किंवा पुण्याच्या माणसाला काय कळणार? इथल्या निम्म्या कंपन्यांच्या नावात ट्रेडिंग आणि काँट्रॅक्टिंग असतंच. त्याऐवजी 'रोटेटिंग इक्विपमेंट मेंटेनन्स, रिफायनरी आणि एलएनजी, शटडाउन प्लॅनिंग, १५ वर्षं, सोहार' असं लिहा. शोधणारा माणूस 'पॅशनेट' टाइप करून शोधत नाही, 'शटडाउन प्लॅनिंग' टाइप करतो. आणि कंपनी काय करते ते एका वाक्यात सांगा. दुकमच्या रिफायनरीचं उद्घाटन फेब्रुवारी २०२४ मध्ये झालं, दिवसाला २ लाख ३० हजार बॅरलची क्षमता आहे तिची. पण नुसतं 'दुकम' म्हटलं तर ओमानबाहेर किती जणांना ते माहीत असणार?

याच्या पुढे अडतो तो आपला संकोच. स्वतःच्या तोंडाने स्वतःचं कौतुक करू नये हे आपल्याला लहानपणीच शिकवलेलं. वरणभाताबरोबर भरवलेलं म्हणा. त्यामुळे आपण लिहितो, 'कामात सहभाग होता'. सहभाग म्हणजे काय? चहा आणून दिलात की पंप बसवलात? मी जेव्हा ओळखीच्या मंडळींची पानं बघतो, तेव्हा एकच विचारतो: तुम्ही तिथे नसता तर काय अडलं असतं? मग माणूस सैल होतो. 'तसं काही नाही हो, पण तो काँप्रेसर वारंवार ट्रिप व्हायचा, व्हेंडरला सापडत नव्हतं, आम्ही दोघांनी लॉग काढून बसलो आणि बेअरिंगचा घोळ निघाला.' अहो, हेच लिहा की! यात कौतुक कुठे आहे, ही तर हकीकत आहे. 'आम्ही दोघांनी' असेल तर तसंच लिहा, वाचणाऱ्याला ते जास्त खरं वाटतं. फक्त प्लांटचे फोटो आणि क्लायंटचे आकडे टाकायचे नाहीत. गोपनीयतेच्या कागदावर सही केलेली असते, आणि सुरक्षेच्या जागांच्या फोटोंबाबत इथले नियम कडक आहेत.

शिक्षणाच्या रकान्यातही आपली खास अडचण आहे, कारण आपल्या विद्यापीठांची नावं बदलत गेली. मराठवाडा विद्यापीठाचा नामविस्तार १९९४ मध्ये झाला, व्हीजेटीआय 'व्हिक्टोरिया ज्युबिली'चं 'वीरमाता जिजाबाई' १९९७ मध्ये झालं, पुणे विद्यापीठाला सावित्रीबाई फुल्यांचं नाव २०१४ मध्ये मिळालं, सीओईपी २०२२ मध्ये स्वतंत्र विद्यापीठ झालं. डिग्रीवर जुनं नाव आणि यादीत नवं. यादीतून नवं नावच निवडा आणि खाली वर्णनात डिग्रीवरचं जुनं नाव लिहा. हाताने जुनं नाव टाइप केलंत तर माजी विद्यार्थ्यांच्या पानाशी तुम्ही जोडलेच जात नाही. आणि खरी ओळख तिथेच निघते: 'अरे, तू सांगलीच्या वालचंदचा?' की पुढचं बोलणं आपोआप होतं.

बरं, हे सगळं बॉसच्या डोळ्यांदेखत करायचं कसं? दहा वर्षं झोपलेलं पान एका शुक्रवारी जागं झालं की ऑफिसात कुजबुज सुरू होते, आणि इथे व्हिसा कंपनीच्या हातात असतो. म्हणून आधी सेटिंग्जमध्ये जाऊन बदलांची बातमी सगळ्यांना जाणं बंद करा. 'ओपन टू वर्क' ची हिरवी पट्टी नोकरीत असताना लावू नका. फक्त रिक्रूटरना दिसेल असाही पर्याय आहे, आणि तुमच्याच कंपनीच्या रिक्रूटरपासून ते लपवायचा लिंक्डइन प्रयत्न करतं, पण खात्री देत नाही. ग्रुप कंपन्यांचं जाळं बघता मी त्यावर विसंबणार नाही.

पान चांगलं झालं की निरोप येऊ लागतात आणि त्यात भामटेही असतात. मोठ्या ऑइल कंपनीचं नाव, ईमेल मात्र फुकटातलं, इंटरव्ह्यू न घेताच ऑफर, आणि व्हिसा प्रोसेसिंगसाठी पैसे. भारतातून भरती होत असेल तर एजंटची नोंदणी ई-मायग्रेट पोर्टलवर बघता येते. नियमाप्रमाणे नोंदणीकृत एजंट उमेदवाराकडून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि वर जीएसटी एवढंच घेऊ शकतो. गावाकडचा भाचा 'मामा, ओमानची ऑफर आलीय' म्हणून फोन करतो, तेव्हा हे त्याला लगेच सांगा.

शेवटी वहिनींसाठी. फॅमिली व्हिसावर आलेल्या कितीतरी जणी भारतात बँकेत, लॅबमध्ये, सॉफ्टवेअरमध्ये होत्या. फॅमिली व्हिसावर कामाची परवानगी आपोआप मिळत नाही, वर्षं जातात आणि पान बंद पडतं. लिंक्डइनने २०२२ मध्ये 'करिअर ब्रेक' असा वेगळा रकाना आणला आहे, त्यात मधली वर्षं सरळ लिहिता येतात. लग्नाआधीच्या नावासाठीही जागा आहे, म्हणजे जुने सहकारी शोधू शकतात. दोन-तीन वर्षांत पुण्याला किंवा नाशिकला परत जायचं ठरत असेल तर तिथल्या जुन्या साहेबांशी ओळख आत्ताच ताजी करा. परतल्यावर, मुलांच्या अॅडमिशनच्या धावपळीत, ते होत नाही.